चौसष्ट गणपती आणि एक पत्रा

गणपती जिथे घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळा म्हणतात. आमची शाळा म्हणजे घराला लागून काढलेली लांब पडवी, तिला कुडाच्या भिंती, आणि मध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडून दोन्ही बाजूंना फळ्या. तिथे वडील दर पावसाळ्यात वाडीतल्या आणि आसपासच्या चौसष्ट घरांचे गणपती करीत. मी सांगतो आहे ती सन एकोणीसशे वीसच्या पुढची वर्षे.

पद्धत अशी, की मूर्ती शाळेची पण पाट ज्याच्या त्याच्या घरचा. आषाढात घराघरांतून पाट येत. त्या पाटावरच वडील मूर्ती बसवीत आणि चतुर्थीला घरधनी येऊन पाटासकट देव डोक्यावर घेऊन जाई. पाट सगळे सारखे दिसतात आणि पावसाळी हवेत खडूची खूण टिकत नाही, त्यामुळे दरसाल दोनचार पाटांची अदलाबदल होऊन ऐन सणाला भांडणे होत. व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मी घरी बसलो तेव्हा पहिले काम हे केले. प्रत्येक पाटाच्या पालथ्या बाजूला तापल्या सळईने आकडा डागला, आणि वहीत त्या आकड्यापुढे घर, मूर्तीची उंची, सोंड, पितांबराचा रंग आणि उंदीर कोणत्या बाजूला हे लिहून काढले. त्या साली एकही पाट चुकला नाही. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, त्याला विचारा, सगळे त्याच्या वहीत आहे. मला ते फार आवडे. वही हातात असली की कुंचला हातात घ्यावा लागत नाही, हेही मला लवकरच कळले.

बाकी सगळे काम मी करीत असे. माती मळणे, साच्यात भरणे, हात-सोंड जोडणे, पाण्याच्या बोटाने घोटणे, शेगड्या लावून मूर्ती सुकवणे, सफेदा देणे, अंगाचा रंग, पितांबर, दागिने. त्यात मला कोणी नाव ठेवले नाही. राहिली ती डोळ्यांची आखणी. ती शेवटच्या आठ दिवसांत होई आणि ती एकटे वडील करीत.

डोळा आखायचा तो असा. काजळ डिंकाच्या पाण्यात कालवायचे, खारीच्या केसांचा बारीक कुंचला त्यात टेकवायचा, आणि वरच्या पापणीची रेघ नाकापासून कडेपर्यंत एका दमात न्यायची. मध्ये थांबले तर तिथे गाठ दिसते. मग खालची रेघ, मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात मोहरीएवढा पांढरा ठिपका. चुकला तर पुसता येत नाही, सफेद्यावर काळे पसरते. पुन्हा सफेदा द्यावा तर त्या हवेत सुकायला दोन दिवस. शिवाय लोकांची समजूत. तिरळा देव ज्याच्या घरी गेला त्याचे वर्ष वाईट जाते म्हणतात. तारवे परत आली नाहीत, म्हैस गाभडली, सून माहेरी जाऊन बसली, काहीही झाले तरी कोणीतरी म्हणे, त्या साली देवाचे डोळे कसे होते आठवते का.

मी एकोणीस वर्षांचा असताना वडील आपल्या जागेवरून बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "बस इथे." मी बसलो. कुंचला घेतला. समोरची मूर्ती कोरी बघत होती. हातातला कुंचला दिसेल इतका हलू लागला आणि मी तो खाली ठेवला.

"भीती वाटते," मी म्हटले.

"मलाही वाटते," वडील म्हणाले. "दर डोळ्याला वाटते."

मला वाटले, ते माझी समजूत घालताहेत. ज्या माणसाने हजारांवर डोळे काढले त्याला कसली भीती? मी मनात ठरवले, की आपली भीती गेली म्हणजे बसायचे, तोपर्यंत घाई नको. दिवसाच्या कामाची यादी मी सकाळीच करून ठेवीत असे. तिच्यातून हे काम काढून मी पुढल्या सालावर टाकले. पुढल्या साली त्याच्या पुढल्या.

माझी बहीण त्या वेळी बारा वर्षांची होती आणि तिथेच बसून मुकुटांना बेगड चिकटवीत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, मलाही वाटते. मग मी बसू का?"

वडील हसले. मी हसलो नाही. वडिलांनी तिला एक लहान मूर्ती दिली आणि तिचा हात कापताना मी उभा राहून बघितला. माझ्यापेक्षा जास्त कापत होता. वडील एवढेच म्हणाले, "कापू दे, पण थांबू नको." ती थांबली नाही. डावा डोळा चांगला आला, उजवा जरा मोठा. ती मूर्ती होती एका तांडेलाच्या घरची. हा तांडेल पडाव, म्हणजे मोठे गलबत, घेऊन मलबारपर्यंत जाऊन आलेला माणूस, तोंडाने फटकळ. मी रागावून म्हणालो, की आता त्याला काय सांगायचे? वडिलांनी चतुर्थीला त्याला सरळच सांगितले, की पोरीने पहिल्यांदा हात लावला आहे, पटत नसेल तर दुसरी मूर्ती देतो. तांडेलाने देवाच्या तोंडावरचा पंचा बाजूला करून बघितले.

"आमच्या घरात सगळ्यांचाच एक डोळा बारीक," तो म्हणाला. "देव घरचाच वाटंल. आण इकडं."

नंतरची चार वर्षे ती शाळेत बसली. बाहेरची असली की चार दिवस पाऊल टाकायचे नाही, एवढी अट. चौथ्या वर्षी वीस मूर्तींचे डोळे तिचे होते आणि वडिलांचे कोणते, तिचे कोणते, हे मलासुद्धा वही बघितल्याशिवाय सांगता येईना. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती नाटे गावाच्या बाजूला, खाडीपलीकडे गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी वडील म्हणाले, तिचा तो बारीक कुंचला तिला बांधून दे. मी म्हटले, ती तिथे काय करणार त्याचे? शाळेच्या सामानात त्याची नोंद आहे, इथे लागेल. वडिलांनी वाद घातला नाही. कुंचला शाळेत राहिला आणि नोंद बरोबर राहिली. त्याला हात लावणारे कोणी नव्हते, कारण वडिलांचा कुंचला वेगळा होता आणि माझा नव्हताच.

पुढे पाचसहा वर्षांनी वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पावसाआधी मी त्यांना रत्नागिरीला दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, दिवाळीनंतर आणा. तो पावसाळा तसाच काढायचा होता. मूर्ती तयार झाल्या, रंग झाले, आणि चतुर्थीला सात दिवस राहिले तेव्हा वडील आखणीला बसले. पहिल्याच मूर्तीवर पापणीची रेघ भुवईत गेली. त्यांना ती दिसली नाही. ते बुबुळ कुठे काढायचे ते शोधत राहिले आणि मी त्यांच्या हातातून कुंचला काढून घेतला.

"आता तू," ते म्हणाले. उठले, भिंतीला धरून पुढल्या पडवीत गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मला संकोच होऊ नये म्हणून पाठ केली होती, हे आज कळते.

मी बसलो. माझे वय एकोणतीस. काजळ कालवले. कुंचला टेकवला आणि उचलला, टेकवला आणि उचलला, शेवटी केसांवरच काजळ सुकले. पुन्हा भिजवले.  दहा वर्षे जी जायची वाट बघितली ती भीती दहा वर्षांनी थोराड होऊन समोर बसली होती. मग मला आठवले, की सुतारवाडीतल्या एका घरचा पाट अजून आलेला नाही आणि त्यांची मूर्ती तात्पुरत्या फळीवर बसवली आहे. ते आठवल्याचा मला आनंद झाला. मी इरले घेऊन भर पावसात तो पाट आणायला गेलो. ते काम कोणीही केले असते.

परत येताना मला युक्ती सुचली. मुंबईहून आलेल्या बिस्किटांच्या एका डब्याचे झाकण घरात होते. वडिलांनी आदल्या साली आखलेला एक डोळा आमच्या देवघरात वर्षभर ठेवतो त्या लहान मूर्तीवर होता, तो कागदावर उतरवला, कागद पत्र्यावर चिकटवला, बारीक छिन्नीने कापला आणि कानशीने घासला. लहान, मध्यम आणि मोठा असे तीन पत्रे केले. पत्रा मूर्तीच्या चेहऱ्यावर धरायचा, कापडाच्या बोळ्याने काजळ दाबून लावायचे, पत्रा उचलायचा. डोळा तयार. हात कापला तरी बिघडत नाही, पत्रा जागच्या जागी असतो. दोन दिवसांत चौसष्ट मूर्ती झाल्या आणि मी वहीत चौसष्ट खुणा केल्या. एकही डोळा चुकला नव्हता. इतके समाधान मला त्याआधी कोणत्याही कामाचे झाले नव्हते, आणि हे मी लपवत नाही.

वडिलांनी विचारले, "झाले?"

"झाले."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी आईला हाक मारून गूळ आणायला सांगितले आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

चतुर्थीला पाऊस होता. लोक इरली घेऊन आले, देवाच्या तोंडावर कापड टाकून घाईने घेऊन गेले. कोणी नीट बघितले नाही. ऋषिपंचमीला दुपारी तांडेल आला. आता म्हातारा झाला होता. माझ्याकडे न बघता तो वडिलांच्या शेजारी बसला, पान लावले, तारवांच्या गोष्टी केल्या आणि मग बोलला.

"आमच्याकडं देव पेटीवर बसतो, तुम्हांला ठावं हाय. पोरं खाली चटईवर. दरसाल तो पोरांकडं बघायचा. यंदा तो कंदिलाकडं बघतो."

 तांडेल म्हणाला, "पोरगी कापत्या हातानं काढायची तरी आमच्याकडं बघायचा, बाबा." आणि उठून गेला.

मला तेव्हा कळले, जे मला सतरा-अठरा पावसाळे त्याच पडवीत काढून कळले नव्हते. वडिलांना चौसष्ट घरे माहीत होती. कोणाकडे देव कोनाड्यात बसतो, कोणाकडे चौरंगावर, कोणाकडे भाताच्या कणग्यांच्या वर फळी टाकून. समोर माणसे कुठे बसतात, म्हातारी खाटेवरून बघते की पायरीवरून. त्याप्रमाणे ते बुबुळ केसभर खाली, केसभर वर, केसभर डावीकडे धरीत. माझ्या वहीत उंची होती, सोंड होती, पितांबर होते. नजरेचा रकाना नव्हता. वडिलांनी तो मला कधी सांगितला नाही, कारण तो त्यांना कुंचला टेकवताना आठवे, आणि मी कुंचला टेकवण्याच्या वेळी नेहमी दुसऱ्या कामाला गेलेला असे.

वडिलांनी मला समोर बसवले.

"कशाने काढलेस?"

"पत्र्याने."

 ते म्हणाले, "तुझा हात चुकला असता तर मी दारोदार जाऊन सांगितले असते, माझा मुलगा शिकतो आहे. लोकांनी ऐकले असते. पत्र्याचे काय सांगू?"

त्या दिवशी मी दहाबारा घरांत आरतीला गेलो. जावेच लागते, दरसाल जातो. सगळीकडे तेच दोन डोळे, लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे बघणारे. कोणी मला काही बोलले नाही. प्रसाद दिला, मुंबईच्या माणसांची चौकशी झाली. एका घरात पाटाच्या मागच्या कडेखाली खापरी सारून देवाला जरा पुढे कलता केला होता, म्हणजे तो निदान माणसांकडे बघेल. मी ती खापरी बघितली हे घरातल्या बाईच्या लक्षात आले आणि तिने पुढे होऊन फुलांनी ती झाकली. एवढी लाज मला कोणी शिव्या दिल्या असत्या तरी वाटली नसती.

पुढल्या आषाढात चौसष्टांपैकी तेवीस पाट आले. बाकीचे कुठे गेले ते आठवडाभरात समजले. काही दुसऱ्या शाळेत आणि अकरा पाट तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडीपलीकडे, माझ्या बहिणीकडे. तिने सासरच्या ओटीवर तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली होती आणि आम्हांला कळवले नव्हते. मोतीबिंदू काढूनही वडिलांना नीट दिसेना, एक डोळा गेलाच होता. त्यांनी आमच्या घरचा पाट मागवला, हाताने चाचपून बघितला आणि मला म्हणाले, "हा तिच्याकडे पोचव."

मी म्हटले, शाळा आपली आणि आपलाच देव बाहेरून आणायचा, लोक काय म्हणतील. वडील म्हणाले, लोकांनी म्हणायचे ते म्हणून झाले आहे.

चतुर्थीच्या चार दिवस आधी मी आमचा देव आणायला गेलो. बहीण ओटीवर बसली होती, पदर खोचलेला, समोर वीसेक मूर्ती. तिची सासू दारातून मला म्हणाली, "बघा तुमची शाळा, आमचा ओटा खाऊन बसली." पण तिनेच पाण्याची वाटी आणून सुनेजवळ ठेवली. बहिणीच्या हातात शेळीच्या केसांचा, दोऱ्याने स्वतः बांधलेला कुंचला होता.  

ती एका मूर्तीची आखणी करीत होती. मी जवळ बसून बघितले. रेघेला हात लावायच्या आधी तिची बोटे कापली, तशीच, बारा वर्षांची असताना कापत होती तशी. मग रेघ गेली.

"अजून कापतो?" मी विचारले.

"तुला काय वाटले, दादा, कंप जातो?" ती म्हणाली. "ज्या दिवशी कापला नाही त्या दिवशीच्या डोळ्यांवर मी पुन्हा सफेदा दिला. मेलेले होते."

आमच्या घरची मूर्ती तिने बाजूला ठेवली होती. सगळे झालेले, फक्त डोळे कोरे. ती तिने माझ्यापुढे सरकवली आणि कुंचला पुढे केला. मी म्हटले, वेळ नाही, भरतीच्या आधी तरीची होडी गाठायची आहे, वाटेत तांदळाचेही एक काम आहे. तिने कुंचला मागे घेतला नाही.

"आपल्याच घरचा आहे," ती म्हणाली. "वाईट झाला तर आपल्याच घरात वाईट होईल. तेवढे तरी भोग की."

मी काढले. वेळ किती गेला ते माहीत नाही, तरीची होडी गेली हे खरे. डावी पापणी दोन ठिकाणी थांबली आणि तिथे गाठी राहिल्या. उजवे बुबुळ खाली उतरले. भीती शेवटच्या ठिपक्यापर्यंत एवढीसुद्धा कमी झाली नाही. माझी दहा-अकरा वर्षे ती जाण्याची वाट बघण्यात गेली आणि ती जाणारच नव्हती. बहिणीने मी काढलेले सुधारले नाही. "सुकू दे," म्हणाली आणि पुढची मूर्ती घेतली.

घरी आईने पंचा काढला आणि विचारले, "कुणी काढले हे?" मी म्हटले, मी. तिने वडिलांना हाताला धरून आणले. त्यांनी चेहरा मूर्तीच्या अगदी जवळ नेला, पण त्यांना काही दिसले नसणार.

"पत्रा?" त्यांनी विचारले.

"नाही."

"हात कापला?"

"कापला."

"मग ठीक," ते म्हणाले आणि जाऊन बसले. गूळ मागवला नाही. माझे वय तेव्हा तीस होते, आणि हे शिकणे माझ्या बहिणीने बाराव्या वर्षीच उरकले होते.

वडील त्याच माघात गेले. नंतर मी शाळा चालवली. माझ्याकडे बारा पाट आले, मग नऊ. डोळे मी हाताने काढले. एखाद्या मूर्तीला चांगले आले, पुष्कळांना आले नाहीत. घरे मी आता वहीत नव्हे, स्वतः जाऊन बघून येतो, कोण कुठे बसते ते. उपयोग होतो, पण हात जेवढा तयार व्हायचा तेवढाच झाला. मातीसारखेच माणसाचेही असते, एका वेळेपर्यंत ती ओली असते. लोक देव नेताना बघतात आणि म्हणतात, "यंदा बरा आहे." बरा म्हणजे बरा, त्याच्यापुढे अजून कोणी गेलेले नाही.

तांडेलाच्या घरचा पाट दरसाल तरीने पलीकडे जातो. आमच्या दारावरूनच रस्ता आहे. त्याचा नातू पाट डोक्यावर घेऊन पुढे असतो, म्हातारा मागून काठी टेकीत येतो. मी शाळेच्या दारात उभा असलो तर तो थांबतो, औंदा वारा कसा आहे ते सांगतो, भाताची चौकशी करतो. मी उत्तर देतो. पाटाकडे आम्ही दोघेही बघत नाही.